आधी हात की आधी लाकूड?

रायफल अंगाला जुळवून घ्यायची तर स्क्रू फिरवायचे. गालाची पट्टी वर-खाली होते, खांद्याकडची प्लेट पुढे-मागे सरकते, सगळी सोय कारखान्यातूनच येते. एअर पिस्तुलाचं तेवढ्यावर भागत नाही. तिथे एक हात आणि त्या हातात बहुधा अक्रोडाच्या लाकडाची एक मूठ, एवढाच संसार. 10 मीटरच्या स्पर्धेत उभं राहून, कशाचाही आधार न घेता, सव्वा तासात 60 गोळ्या मारायच्या. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर रुंदीचं. मूठ लहान, मध्यम, मोठी अशा ठरावीक मापांत मिळते आणि हात मात्र ज्याचा त्याचा वेगळा. म्हणून नेमबाजांच्या घरात कधी ना कधी कानस आणि एम-सील बाहेर निघतं, आणि त्याबरोबर एक जुना वादही: मूठ हाताजोगी करायची, की हात मुठीजोगा?

कोल्हापुरात हा वाद रंगायला दोन्ही बाजूंची माणसं आहेत. 2018च्या जकार्ता एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत इथली, त्यामुळे पिस्तूल हातात घेणाऱ्या मुली इथे नवलाच्या राहिलेल्या नाहीत. आणि उद्यमनगरात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींच्या पिढ्या आहेत, ज्यांना लाकडाचा अर्धा मिलिमीटर बोटाला कळतो. खालच्या संवादातले दोघे प्रातिनिधिक आहेत. एक निवृत्त पॅटर्न मिस्त्री, ज्यांची पंधरा वर्षांची नात एअर पिस्तूल शिकते आहे. आणि तिला शिकवणाऱ्या मॅडम.

मिस्त्री : मॅडम, सरळच विचारतो. पोरीचा तळवा आणि मूठ यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी पोकळी आहे. अंगठ्याखाली एक उंचवटा टोचतोय. माझ्याकडे कानशी आहेत, पटाशी आहे, हात अजून थरथरत नाहीत. एका रविवारचं काम. आणि तुम्ही म्हणता, हात लावू नका.

मॅडम : आत्ता लावू नका म्हणते, काका. तिला पिस्तूल हातात घेऊन वर्षही झालेलं नाही. आज ती जशी पकडते तशी उद्या पकडत नाही. एका गोळीला अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी वर जाते, दुसऱ्या गोळीला खाली येते. तुम्ही कोणत्या हाताचं माप घेणार? आजच्या पकडीत चूक असेल, तर ती चूक तुम्ही लाकडात कोरून ठेवाल. मग ती सुटायला दुप्पट वेळ.

मिस्त्री : पण पकड रोज बदलते ती कशामुळे? मूठ ढिली आहे म्हणूनच ना? हाताला बसायला जागाच सापडत नाही, मग तो रोज नवी जागा शोधतो. साच्यात कोअर, म्हणजे आतल्या पोकळीसाठीचा गाभा, बसवायला पॅटर्नवर जो भाग ठेवतात, आम्ही कोअर-प्रिंट म्हणतो, तो सैल ठेवला तर कोअर प्रत्येक साच्यात वेगळीकडे बसते. त्यात कोअरचा दोष नसतो.

मॅडम : उदाहरण पटतं, पण कोअर वाळूची असते. तिला शिकता येत नाही, हाताला येतं. हंगेरीच्या कारोली टाकाचचं नाव ऐकलंय का तुम्ही? सैन्यात होता. 1938 मध्ये हातबाँब फुटून उजवा हात निकामी झाला. गड्यानं डावा हात तयार केला आणि 1948ला लंडनला 25 मीटर रॅपिड फायरमध्ये सुवर्ण घेतलं. 1952ला हेलसिंकीत पुन्हा. अख्खा हात बदलूनही माणूस शिकतो, तर तळव्यातली थोडी पोकळी काय चीज आहे?

मिस्त्री : माणूस थोर, त्याला नमस्कार. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं जातं बघा. आत्ताची ही मूठ मी माझ्या डाव्या हातात धरून बघितली. धरताच येत नाही. अंगठ्याची खाच नको तिथे येते, तळव्याचा फुगवटा बोटांखाली जातो. म्हणजे या लाकडाला डावा-उजवा हात कळतो. ज्याला डावं-उजवं कळतं त्याला लहान-मोठं कळू नये?

मॅडम : कळावं. मूठ हाताला जुळली पाहिजे यात वाद नाही, माझं भांडण घाईशी आहे. पण आधी मला सांगा, मूठ जुळली नाही तर नेमकं काय बिघडतं असं तुम्हाला वाटतं?

मिस्त्री : हात हलतो. नेम चुकतो.

मॅडम : हात तर सगळ्यांचाच हलतो. ऑलिंपिक विजेत्याचाही. अख्खा हात, मनगट न मोडता, पाच मिलिमीटर बाजूला सरकला तर गोळीही पाच मिलिमीटरच सरकते, आणि तो शॉट तरीही दहाच लागतो. खरा घात मनगटात होतो. पुढची साइट आणि मागची साइट यांच्यात सुमारे 33 सेंटिमीटर अंतर असतं. मनगट किंचित वळून पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली, तर 10 मीटरवर ती चूक तीस पट होते. तीन सेंटिमीटर. दहाचा सात.

मिस्त्री : एक मिलिमीटरला तीन सेंटिमीटर! मग तर मूठ आजच नीट केली पाहिजे. पोकळी आहे म्हणून ती भरून काढायला पोरगी मूठ आवळते. आवळली की मनगट वळणार.

मॅडम : हे मात्र तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. आवळणं हाच रोग आहे. मधलं बोट आणि अनामिका यांनी मूठ सरळ मागे, तळव्याकडे ओढायची. करंगळी नुसती टेकलेली. अंगठ्यानं काहीच करायचं नाही, त्यानं पडून राहायचं. आणि तर्जनी या सगळ्यापासून मोकळी, कारण तिचं काम ट्रिगरचं. मूठ ढिली असली की अंगठा मदतीला धावतो, आणि अंगठा दाबला की पिस्तूल बाजूला जातं. म्हणून मीही मूठ जुळवते. फक्त लाकडाला हात लावण्याआधी लोखंडाकडे बघते.

मिस्त्री : म्हणजे?

मॅडम : ट्रिगरपासून सुरुवात. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर पडला पाहिजे आणि बोट सरळ मागे आलं पाहिजे. बोट लांब असेल तर ट्रिगर पुढे सरकवता येतो, आखूड असेल तर मागे. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत ती सोय असते. तुमच्या नातीचं बोट पोचत नव्हतं, म्हणून ती अख्खा हात मुठीभोवती उजवीकडून पुढे फिरवून घेत होती. तुम्हाला दिसलेल्या पोकळीतला काही भाग तिथून आलाय. ट्रिगर जागेवर आणला की हात मागे येईल आणि पोकळी आपोआप कमी होईल.

मिस्त्री : हे मला ठाऊक नव्हतं. मग पुढे?

मॅडम : मग पाम शेल्फ, म्हणजे तळहाताच्या कडेखाली येणारी ती सरकती फळी. ती वर घेऊन हात चेपायचा नाही, नुसता टेकेल एवढीच ठेवायची. फार वर घेतली की हात चिमटल्यासारखा होतो आणि साठ गोळ्यांच्या शेवटी मुंग्या येतात. त्यानंतर मुठीचा कोन. बऱ्याच नव्या पिस्तुलांत मूठ पुढे-मागे कलवता येते. एवढं सगळं करून झाल्यावर जे उरेल ते लाकडाचं काम. ते तुमचं.

मिस्त्री : आणि उरलंय किती, हे कशावरून ठरवायचं? पोरीला विचारलं तर ती म्हणते, छान वाटतंय. दुसऱ्या दिवशी म्हणते, टोचतंय.

मॅडम : तिला विचारायचंच नाही, तिच्या हाताला विचारायचं. पिस्तूल रिकामं, नळीत सेफ्टी फ्लॅग. ती आपल्या पवित्र्यात उभी राहील, डोळे मिटून पिस्तूल नेहमीसारखं वर उचलेल, श्वास सोडेल, स्थिर होईल आणि मग डोळे उघडेल. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ खरं बोलतेय. दर वेळी डावीकडे दिसली, तर मूठ तिच्या मनगटाला डावीकडे वळवतेय, आणि ती प्रत्येक गोळीला मनगट मोडून ते सरळ करतेय. दिवसभरात शेकडो वेळा.

मिस्त्री : डावीकडे दिसली तर उजव्या हाताच्या माणसाला तळव्याच्या टाचेपाशी, मागच्या उजव्या अंगाला भर घालायची. मागचा भाग डावीकडे ढकलला की तोंड उजवीकडे येणार.

मॅडम : बरोबर! कुणी सांगितलं तुम्हाला?

मिस्त्री : त्यात सांगायचं काय? एक टोक इकडे ढकललं की दुसरं तिकडे जाणारच. पण ही चाचणी एकदा घेऊन चालणार नाही.

मॅडम : नाहीच. सरावाच्या सुरुवातीला घ्यायची, शेवटी घ्यायची, वेगवेगळ्या दिवशी घ्यायची. साइट कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसत असेल, तर अजून पकड ठरलेली नाही. अशा वेळी लाकडाला हात लावायचा नाही. सतत एकाच बाजूला दिसायला लागली की समजायचं, हात ठरला, आता मूठ चुकतेय.

मिस्त्री : हे मला पटलं. चूक एकसारखी येते तेव्हाच दुरुस्ती करायची. ओतकामात सुटा भाग वाकडा निघाला तर आम्ही साच्याला बघतो. सगळेच भाग एकाच जागी वाकडे निघाले, तर मग पॅटर्नला बघतो.

मॅडम : आता तुम्ही सांगा. समजा हात ठरला. कानस कुठे चालवाल?

मिस्त्री : कानस शेवटी. आधी भर. काढलेलं लाकूड परत येत नाही, घातलेली भर खरवडून काढता येते. त्याच्याही आधी खडू. मुठीवर रंगीत खडूची पूड चोळायची, पोरीनं पकडायचं, सोडायचं. जिथे पूड पुसली जाते तिथे हात टेकतो, जिथे राहते तिथे पोकळी. मशीनचे फिटर दोन पृष्ठभाग जुळवताना निळा रंग लावून बघतात, तोच प्रकार.

मॅडम : मी लिपस्टिक वापरते. हातावर लावायची, मुठीवर उमटते.

मिस्त्री : चालेल की. मग जिथे पोकळी तिथे एम-सील. दोन्ही भाग एकसारख्या रंगाचे होईपर्यंत मळायचे. लाकूड आधी पॉलिश पेपरनं थोडं खरबरीत करायचं, नाहीतर भर पापुद्र्यासारखी निघून येते. हवी त्यापेक्षा जरा जास्तच भर लावायची, वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक ताणून घालायचं आणि पोरीनं पकडायचं. प्लास्टिक दोन कामं करतं: हात चिकटत नाही, आणि ते रसायन कातडीला लागत नाही. काहींना त्यानं खाज सुटते.

मॅडम : इथे माझी एक अट आहे. तिनं टेबलाशी बसून पकडायचं नाही.

मिस्त्री : का बरं? बसून हात जास्त स्थिर राहील.

मॅडम : म्हणूनच नको. किलोभराचं पिस्तूल लांब हात करून उचललं की तळव्याचा आकार बदलतो. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू ताणला जातो, मनगट कुलूप लावल्यासारखं होतं, वजन मधल्या बोटावर येतं. बसून घेतलेला ठसा हा बसलेल्या हाताचा. ती उभी राहील, लक्ष्याकडे हात करेल, पिस्तूल पूर्ण वजनाचं असेल, आणि ठसा तिथे उमटेल. यंत्रणेवर चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे एम-सीलचा कण आत जाणार नाही. दोन-तीनदा हात खाली घेऊन पुन्हा उचलायचं, नेहमीसारखंच.

मिस्त्री : मान्य. रात्रभर सुकू द्यायचं. मग मूठ पिस्तुलावरून काढायची, तिच्यावर काम करताना पिस्तूल दुसऱ्या खोलीत. लाकडाचा आणि भरीचा भुसा ट्रिगरमध्ये गेला तर सगळं मुसळ केरात. तोंडाला मास्क, कारण हा भुसा छातीत साठलेला बरा नाही. बोटांचे ठसे जिथे खोल उमटलेत तिथल्या कडा बारीक कानशीनं उतरवायच्या.

मॅडम : कडा का उतरवायच्या? ठसा जसाच्या तसा ठेवला तर हात अगदी घट्ट बसेल.

मिस्त्री : आता तुम्ही माझी परीक्षा घेताय.

मॅडम : हो.

मिस्त्री : मग ऐका. हात लाकडासारखा नसतो. उन्हात चालून आली की बोटं फुगतात, थंडीत आक्रसतात. ठसा अगदी मापात ठेवला तर तो एकाच दिवसाच्या, एकाच तासाच्या हाताला बसेल. बाकीच्या दिवशी कडा टोचतील आणि हात पुन्हा दुसरी जागा शोधेल. जिथे दाब येतो, म्हणजे तळव्याचा खळगा, बेचकी, मधल्या दोन बोटांची जागा, तिथे पूर्ण टेकू हवा. बाकी ठिकाणी हवा खेळती हवी. आणि तर्जनीच्या बाजूला तर लाकूड लागताच कामा नये.

मॅडम : शंभर टक्के. तर्जनी लाकडाला घासली तर ट्रिगर ओढताना ती अख्खं पिस्तूल ढकलते. कागद सरकेल एवढं तरी अंतर हवंच. घरी केलेल्या मुठींत हीच चूक मला जास्त दिसते. बाकी सगळं सुरेख, आणि बोट मात्र भिंतीला घासतंय.

मिस्त्री : मग वरची खरखर. एम-सील गुळगुळीत राहतं, घाम आला की निसटतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. कंपनीच्या मुठीवर बारीक टिंबं असतात तशी आपण पंचनं ठोकून पाडायची. आणि उघडं पडलेलं लाकूड जवसाच्या तेलानं पुसून घ्यायचं, नाहीतर ते ओल पितं आणि माप बदलतं.

मॅडम : इथवर ठीक. आता नियम. काका, तुम्ही परवा एक चित्र काढून दाखवलंत, पाम शेल्फची कड वर वळवलेली, तळहाताला कवेत घेणारी.

मिस्त्री : हो. हात खाली घसरणारच नाही. सुंदर कल्पना आहे.

मॅडम : सुंदर आहे आणि बेकायदा आहे. 10 मीटरला शेल्फ आणि मूठ यांच्यातला कोन 90 अंशांपेक्षा कमी चालत नाही. शेल्फ किंवा अंगठ्याची टेक वरच्या बाजूला वळवलेली चालत नाही. मुठीनं हाताला वेढा घालायचा नाही. अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. मनगट उघडं, मोकळं दिसलं पाहिजे, म्हणजे मुठीचा कुठलाही भाग मागे वाढवून मनगटाला टेकू द्यायचा नाही. त्या हातात घड्याळ, कडं, पट्टा काहीच नको.

मिस्त्री : पण हा अन्याय आहे. तुम्हीच म्हणता मनगट मोडलं की दहाचा सात. मग मनगटाला टेकू का नको?

मॅडम : कारण मग स्पर्धा मिस्त्रींची होईल, नेमबाजांची नाही. 50 मीटरची फ्री पिस्तूल स्पर्धा 2016च्या रिओपर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. तिच्यात मूठ हाताला गुंडाळलेली चालायची, अगदी हातमोज्यासारखी. वजनाला मर्यादा नाही, ट्रिगरच्या वजनाला मर्यादा नाही. तुमच्यासारख्या कारागिराचा तो स्वर्ग. एअर पिस्तूल 1988ला सोलमध्ये ऑलिंपिकला आलं ते मात्र बांधलेल्या नियमांचं. वजन जास्तीत जास्त 1500 ग्रॅम, ट्रिगर किमान 500 ग्रॅमला सुटला पाहिजे, आणि अख्खं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे.

मिस्त्री : 50 मिलिमीटर रुंदी? मग भर घालून मूठ जाड झाली तर पेटीत जाणार नाही.

मॅडम : नाही जाणार. स्पर्धेच्या सकाळी उपकरण तपासणीत ते कळलं तर मुलगी रडते आणि बाप कुठूनतरी कानस शोधत फिरतो. मी बघितलंय.

मिस्त्री : हे सोपं आहे. आतून त्याच मापाची प्लायची पेटी मी करून ठेवतो. भर घातली की पेटीत घालून बघायचं. गेज असताना अंदाजानं काम करणारा मिस्त्री नव्हे.

मॅडम : बघा, हे मला सुचलं नव्हतं. पण काका, मूळ प्रश्न अजून तसाच आहे. तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणता, हात आरामात बसला पाहिजे. मला आराम नको आहे.

मिस्त्री : आराम नको? पोरीला टोचत राहू दे?

मॅडम : टोचू नये, हे खरं. पण आरामशीर मूठ आणि चांगली मूठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ, गोलसर, कशीही पकडली तरी बरी वाटणारी मूठ आरामशीर असते, आणि ती वाईट असते. कारण तिला दहा प्रकारे पकडता येतं. मला अशी मूठ हवी जी फक्त एकाच प्रकारे पकडता येते. जरा वेगळी पकडली की लगेच हाताला खटकली पाहिजे. साठ गोळ्यांत साठ वेळा हात त्याच जागी गेला पाहिजे, विचार न करता. मूठ जुळवायची ती हाताला सुख मिळावं म्हणून नाही, हाताला निवड उरू नये म्हणून.

मिस्त्री : थांबा. म्हणजे तुमचा विरोध याच्यासाठीच होता? हाताला एकच जागा ठेवायची, तर ती जागा आधी बरोबर ठरली पाहिजे.

मॅडम : तेच. एकदा कोरलं की ते लाकूड रोज तिला शिकवणार. मी आठवड्यातून तीन दिवस शिकवते, लाकूड सातही दिवस शिकवेल. म्हणून त्या शिक्षकाला नेमण्याआधी मी वेळ घेते.

मिस्त्री : पण वेळ घ्यायचा तो किती? तोवर ती चुकीच्या मुठीवर शिकत राहणार. ते लाकूडही सातही दिवस शिकवतंच आहे की. ते कंपनीनं नेमलेलं, एवढाच फरक.

मॅडम : हा मुद्दा मी खोडू शकत नाही. म्हणून मधला मार्ग: आधी ट्रिगर, शेल्फ, कोन. मग डोळे मिटून चाचणी, जोवर चूक एकाच बाजूला येत नाही तोवर. मधल्या काळात पोकळी फारच असेल तर कापडी चिकटपट्टीचे थर. लागले तर लावले, नको तर सोलले. त्यानं लाकडाचं काही बिघडत नाही. मग एम-सील. कानस सगळ्यात शेवटी.

मिस्त्री : आणि एका वेळी एकच बदल. दोन जागा एकदम बदलल्या तर काय लागू पडलं ते कळत नाही.

मॅडम : आणि बदल लागू पडला की नाही हे गुणांवरून ठरवायचं नाही. गुण झोपेवर, अभ्यासावर, आईच्या रागावण्यावर अवलंबून असतात. गोळ्यांचा गट बघायचा. कागदावरची भोकं जवळजवळ आली का? गट लहान झाला पण मध्यापासून सरकला, तर बदल चांगला आहे. साइटचे स्क्रू फिरवून तो मध्यावर आणता येतो. गट पसरला तर भर खरवडायची.

मिस्त्री : आता माझ्याकडून एक. तुम्हाला भीती आहे ना, की पोरीची पकड अजून बदलेल आणि काढलेलं लाकूड परत येणार नाही? तर कानस लावण्याआधी मी मुठीचा प्लास्टरचा साचा घेऊन ठेवतो. प्रत्येक मोठ्या बदलाआधी एक. फसलं तर मागच्या आकाराला परत जाता येईल. आणि शेवटी जी मूठ जमेल तिची हुबेहूब दुसरी करून देतो. पॅटर्नवाल्याचं कामच ते, पहिल्यासारखं दुसरं.

मॅडम : दुसरी कशाला?

मिस्त्री : टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत मध्येच बिघडलं, वेळ गेला आणि ती बाराव्या नंबरावर राहिली, हे मी पेपरात वाचलं होतं. पुढे पॅरिसला तिनं दोन कांस्यं घेतली तो भाग वेगळा. मी तेव्हा म्हटलं, यंत्र कुणाचंही बिघडेल. दुसरं पिस्तूल हातात आलं तर त्याची मूठ परकी असणार. ज्या पोरीच्या हाताला तुम्ही निवडच ठेवलेली नाही, तिनं त्या वेळी काय करायचं?

मॅडम : हे खरं आहे. हाताला एकाच जागेची सवय लावायची, तर ती जागा दुसरीकडेही मिळाली पाहिजे. दुसरी मूठ करा. पण काका, एका गोष्टीत मी हटणार नाही. पहिली भर तुम्ही घाला, पहिली कानस तुम्ही चालवा. दुसऱ्या वेळेपासून हे सगळं तिनं करायचं.

मिस्त्री : पंधरा वर्षांच्या पोरीनं? अहो, लाकडाचा रेषा बघून कानस चालवावी लागते. बिघडवेल ती.

मॅडम : बिघडवू दे. साचा आहे ना तुमच्याकडे? उद्या दिल्लीला, भोपाळला स्पर्धेला गेली, हवा कोरडी, हात आक्रसला, मूठ अचानक सैल वाटली. तिथे तुम्ही नसाल, मीही बहुधा नसेन. कुठे टोचतंय ते तिला कळतं, पण का टोचतंय आणि किती घासायचं हे स्वतः घासल्याशिवाय कळणार नाही. जिला आपली मूठ दुरुस्त करता येते ती आपला हातही ओळखते.

मिस्त्री : आणि ट्रिगरचे स्क्रू? तेही तिनंच?

मॅडम : पुढे-मागे सरकवणं, हो. ट्रिगर उघडणं, स्प्रिंगला हात लावणं, मुळीच नाही. तिनं नाही आणि तुम्हीही नाही. ते काम ज्याला येतं त्याच्याकडेच जाईल. घरात फक्त लाकडाचं काम.

मिस्त्री : ठीक आहे. पण तिच्या हातात माझी कानस देणार नाही. चाळीस वर्षं जपलेली आहे. तिला बारीक दातांची नवी घेऊन देतो, आणि जळणातल्या दोन ढलप्या. आधी त्या घासून दाखवायच्या, मग मुठीला हात.

मॅडम : म्हणजे काका, आधी हात, मग लाकूड.

मिस्त्री : तुमच्या नेमबाजीत असेल. आमच्याकडे लाकूडच हाताला शिकवतं. बघू, पोरगी कुणाचं खरं करते ते.